कलिंगडाला कोणता फेटा शोभतो?

या उन्हाळ्यात, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत, आमच्या ठाण्याच्या घरी कलिंगड, फेटा चीज आणि पुदिना यांचे सॅलड निदान बारा वेळा झाले आणि त्यासाठी तीन प्रकारचा फेटा विकत आणला गेला: भारतात गाईच्या दुधापासून केलेला आणि मिठाच्या पाण्यात बुडवलेला, ग्रीसहून आलेला मेंढीच्या व बकरीच्या दुधाचा, आणि तेलात मुरवलेल्या चौकोनी तुकड्यांची बरणी. शेवटी पनीरही वापरून पाहिले, कारण हा पदार्थ ज्याला ज्याला वाढला, त्याने पहिला प्रश्न ‘पनीर चालेल का’ हाच विचारला. परीक्षण या चार वस्तूंचे आहे. एकाच प्रकारच्या दोन डब्यांत आढळलेल्या फरकापेक्षा प्रकाराप्रकारांतील फरक कितीतरी मोठा होता, त्यामुळे कंपन्यांची नावे देण्याची गरज वाटली नाही.

‘फेटा’ या शब्दावरून घरात व्हायचे ते सर्व विनोद पहिल्याच आठवड्यात होऊन गेले. ग्रीक भाषेतील हा शब्द इटालियनमधून आलेला असून त्याचा अर्थ ‘काप’ किंवा ‘फोड’ असा आहे. डोक्याला बांधायच्या फेट्याशी त्याचे काही नाते नाही. ‘फ्रूट सॅलड’ या नावाने मात्र खरा घोटाळा झाला. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ कस्टर्डच्या दुधात घातलेली फळे असाच रूढ असल्याने सासूबाईंनी पहिल्या दिवशी ‘मग पुऱ्या तळायच्या ना?’ असे विचारले होते, आणि ताटात कलिंगडावर चीज व मिरपूड पाहिल्यावर त्या काही क्षण गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा मात्र त्यांनी स्वतःहून मागून घेतले. फळाला मीठ लावून खाणे त्यांना नवीन नव्हतेच. पेरूला तिखटमीठ आणि कलिंगडाला चाट मसाला लावणाऱ्यांना या सॅलडातील तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पूर्व भूमध्य सागराच्या परिसरात ही जोडी अगदी घरगुती समजली जाते. ग्रीसमध्ये कलिंगडाबरोबर फेटा खातात, तुर्कस्तानात पांढरे खारे चीज, सायप्रसमध्ये हलूमी आणि इजिप्तमध्येही मऊ पांढरे चीज. तेथे बहुधा याचे सॅलडही करत नाहीत. एका बाजूला कलिंगडाची फोड, दुसऱ्या बाजूला चीजचा तुकडा आणि फार तर पाव, एवढेच उन्हाळ्यातील हलके जेवण असते. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि त्याच्या गोडीला स्वतःची आंबट बाजू जवळजवळ नसते. ती आंबट, खारट आणि स्निग्ध बाजू चीजने पुरवायची असते. म्हणून या पदार्थात चीज चुकले की बाकी सर्व उत्तम असूनही ताट फिके पडते.

आता मूळ फेट्याविषयी थोडेसे, कारण डबीवरचे लेबल वाचताना त्याचा उपयोग होतो. युरोपीय संघाने 2002 मध्ये ‘फेटा’ हे नाव ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांत बनणाऱ्या चीजपुरते राखून ठेवले. डेन्मार्क आणि जर्मनी यांनी त्याला आव्हान दिले, परंतु 2005 मध्ये संघाच्या न्यायालयाने ग्रीसच्या बाजूने निकाल दिला. पुढे डेन्मार्कमधील उत्पादक गाईच्या दुधाचे चीज याच नावाने संघाबाहेर पाठवत राहिले, तेव्हा 2022 मध्ये त्यावरही डेन्मार्कच्या विरोधात निकाल लागला. नियमानुसार या चीजमध्ये किमान 70 टक्के दूध मेंढीचे असावे लागते, उरलेले बकरीचे चालते, गाईचे मुळीच चालत नाही, आणि ते निदान दोन महिने मिठाच्या पाण्यात मुरावे लागते. मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा बरेच अधिक स्निग्ध असते, शिवाय त्यात गाईच्या दुधाला पिवळसर झाक देणारे कॅरोटीन जवळजवळ नसते, त्यामुळे खरा फेटा शुभ्र दिसतो. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या देशी डबीवरही ‘फेटा’ असेच छापलेले असते. घटकांच्या यादीत ‘गाईचे दूध’ असे वाचले की आपण मूळ चीज नव्हे तर त्याचा भाऊबंद घेत आहोत, एवढे ध्यानात ठेवावे.

या भाऊबंदाबद्दल माझे मत सुरुवातीला वाईट होते आणि नंतर पालटले. 200 ग्रॅमची डबी मला साडेतीनशे रुपयांच्या आतबाहेर पडली. डबीतून काढून तसाच चुरलेला तुकडा नुसता खारट लागला. आंबटपणा मागे राहिला, आणि जिभेवर रेंगाळणारी ती किंचित उग्र चव नव्हतीच. पण दुसऱ्या वेळी तुकडे दहा मिनिटे साध्या गार पाण्यात ठेवून, निथळून, त्यांवर लिंबाचा रस आणि ताजी कुटलेली मिरी घालून अर्धा तास शीतकपाटात ठेवले, तेव्हा वरचा खारटपणा उतरला आणि दुधाची गोडसर चव पुढे आली. तुकडा बोटांनी मोडला तर रवाळ मोडला पाहिजे. आणलेल्या दोन डब्यांपैकी एकीतील चीज साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत कापले गेले, त्याची कलिंगडाशी गाठच पडली नाही आणि ते अखेर सँडविचमध्ये गेले. ज्यांना बकरीच्या दुधाचा वास चालत नाही त्यांच्यासाठी, आणि घरात लहान मुले असतील तर, हा प्रकार सर्वांत सोयीचा आहे.

ग्रीसचा फेटा याच्या जवळजवळ दुप्पट भावाने मिळाला, आणि तो एकदा तरी खाऊन पाहावा असे मी निःसंकोच सांगेन. पाकीट उघडताच येणारा वास आमच्या घरात दोन गट पाडून गेला. तो वास बकरीच्या व मेंढीच्या दुधातील आखूड व मध्यम साखळीच्या स्निग्ध आम्लांचा असतो. त्यांपैकी तीन आम्लांची शास्त्रीय नावेच बकरीच्या लॅटिन नावावरून पडली आहेत. तोंडात मात्र हा उग्रपणा कलिंगडाच्या रसात विरघळतो आणि मागे लिंबासारखा स्वच्छ आंबटपणा उरतो. याला पाण्यात भिजवू नये, त्यात काहीही मिसळू नये, आणि बारीक चुरूही नये. सुपारीएवढे ओबडधोबड तुकडे हाताने मोडून शेवटी वरून ठेवावेत, म्हणजे एका घासात नुसते फळ आणि दुसऱ्यात भरपूर चीज येते. पदार्थाची गंमत त्या विषमतेत आहे. पाकिटावर हिरवा ठिपका आहे की नाही हे शाकाहारी वाचकांनी जरूर पाहावे, कारण दूध विरजण्यासाठी वापरायचे रेनेट परंपरेने वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढले जाते, आणि सूक्ष्मजीवांपासून केलेलेही मिळते.

तेलातल्या बरणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वाळवलेल्या ओरेगानोची चव इतकी वरचढ होती की कलिंगडावर पिझ्झा सांडल्याचा भास झाला, आणि फोडी तेलकट होऊन एकमेकींवरून घसरू लागल्या. टोस्टवर ती उत्तम लागते.

पनीरबद्दलचे उत्तर थोडे लांब आहे. पनीर दूध गरम असताना आम्लाने फाडून केलेले असते. त्यात ना मीठ असते ना मुरण्यातून येणारा आंबटपणा, त्यामुळे ताज्या पनीरचे तुकडे कलिंगडात घातले तर दोन फिक्या वस्तू एकत्र आल्यासारखे वाटते. मी पाव किलो घरगुती, घट्ट दाबलेल्या पनीरचे तुकडे, पनीर काढून उरलेल्या आंबट निवळीत लिटरला 60 ग्रॅम मीठ विरघळवून, दोन दिवस शीतकपाटात बुडवून ठेवले. दुसऱ्या दिवशी मीठ आतपर्यंत पोचले होते, पण पोत रबरासारखा कणखरच राहिला. फेटा जिभेवर विरतो, पनीर चावावे लागते. तरीही म्हशीच्या दुधामुळे रंग शुभ्र राहतो आणि खर्च एक तृतीयांशावर येतो. वीस माणसांच्या पंगतीसाठी मी हेच करीन आणि कोणाला काही सांगणार नाही.

फळाच्या बाबतीत घाई करू नये. आमची कलिंगडे बहुतेक वेळा अलिबागहून येताना वडखळच्या रस्त्याकडेच्या विक्रेत्यांकडून घेतलेली होती. रायगडात भात कापल्यावर त्याच शेतांत कलिंगड लावतात आणि उन्हाळ्यात ते रस्त्यावर ढिगांनी दिसते. विदर्भातील मैत्रीण त्याला टरबूज म्हणते आणि आमच्या ‘कलिंगड’ या शब्दाला हसते, परंतु निवड करताना दोघीही जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पाहतो: तो लोण्यासारखा पिवळा असला तर फळ वेलावर पिकलेले, पांढुरका असला तर लवकर तोडलेले. फोडी निदान दीड इंचाच्या ठेवाव्यात, बिया दिसतील तेवढ्या काढाव्यात आणि फोडी चाळणीत घालून शीतकपाटात अर्धा तास निथळू द्याव्यात. खरबूजही एकदा घालून पाहिले. त्याचा स्वतःचा सुगंध चीजच्या वासाशी भांडतो, त्यामुळे ते देशी फेट्याबरोबर बरे आणि ग्रीसच्या फेट्याबरोबर वाईट लागले. हापूस या वाटेला नेऊ नये, एवढेच सांगते.

त्याच विक्रेत्यांकडे माळेत विणलेला अलिबागचा पांढरा कांदा मिळतो, ज्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशी कृतींत या सॅलडासाठी लाल कांदा सांगितलेला असतो आणि तो आधी व्हिनेगरमध्ये मुरवावा लागतो. अलिबागच्या कांद्याला तो खटाटोप लागत नाही, कारण तो मुळातच गोडसर आणि कमी तिखट असतो. कागदाइतके पातळ काप करून मूठभर घातले तरी पुरतात, आणि या सॅलडातील माझी सर्वांत आवडती आपली भर हीच आहे.

पाल्यांमध्ये पुदिना निर्विवाद पहिला, पण तो सुरीने बारीक चिरला तर काळा पडतो आणि कडवटतो; पाने हातानेच तोडावीत. तुळस घालून पाहिली. तिची लवंगेसारखी तीव्र चव फळाला औषधाकडे नेते. त्याऐवजी सब्जाची पाने घ्यावीत. फालुद्यात घालतो त्या सब्जाचे बी ज्या झाडाचे असते, तेच पाश्चात्त्य पाककृतींतील बेसिल, आणि कुंडीत मूठभर बी पेरले की पाच-सहा आठवड्यांत खुडण्याजोगी पाने येतात. गजऱ्यात दिसणारा मरवा हाही ओरेगानोच्याच कुळातील आहे. त्याच्या चार-पाच कोवळ्या पानांनी ग्रीसच्या फेट्याला फार सुरेख साथ दिली. मात्र फुलबाजारातील मरवा खाण्यासाठी पिकवलेला नसतो, तेव्हा तो घरच्या कुंडीतलाच असावा.

चार माणसांसाठी एक किलो सोललेले कलिंगड, दीडशे ग्रॅम फेटा, एक छोटा कांदा, पुदिन्याची वीस-पंचवीस पाने, दोन चमचे ऑलिव्ह तेल, अर्ध्या लिंबाचा रस आणि मिरपूड एवढे पुरते. वेगळे मीठ मी कधीच घातले नाही. शंभर ग्रॅम फेट्यातच साधारण अडीच ग्रॅम मीठ असते, आणि रक्तदाबासाठी मीठ मोजून खाणाऱ्यांनी तेवढा हिशेब आधीच करावा. ऑलिव्ह तेल संपले तेव्हा घाण्याचे शेंगदाणा तेल वापरले. चव वाईट नव्हती, पण ती सरळ कोशिंबिरीच्या घरात जाऊन बसली. कोशिंबिरीचा एक नियम मात्र येथे तंतोतंत लागू पडतो: मीठ लावायचे ते पान वाढताना. चीजमधील मीठ फोडींतले पाणी ओढून घेते आणि वीस मिनिटांत ताटात गुलाबी रस साचून पुदिना त्यात पोहू लागतो. त्यामुळे डब्यात न्यायचे असेल तर चीज वेगळ्या डबीत न्यावे.

उघडलेली डबी मिठाच्या पाण्यात बुडलेली राहिली तर माझ्याकडे आठवडाभर चांगली टिकली. पाणी ओतून टाकलेली तिसऱ्या दिवशी कोरडी आणि कडक झाली. पावसाळा सुरू होईपर्यंत अजून दोन-तीन कलिंगडे होतील. त्यांच्यासाठी देशी फेट्याची रवाळ निघालेली डबी पुन्हा आणली आहे, आणि ग्रीसचे पाकीट फक्त त्या रविवारी उघडले जाईल, ज्या दिवशी विदर्भातील मैत्रीण जेवायला येणार आहे.