पाइप, पेडल आणि चादर: कचऱ्यावरच्या एकपात्री संगीत प्रयोगाबद्दल

कचरा आणि हावरी खरेदी हा विषय, त्यात एकपात्री, त्यात संगीत. तिकीट काढताना प्रबोधनाची धास्ती वाटणं साहजिक आहे. पण सोलापुरात झालेला हा सव्वा तासाचा, मध्यंतर नसलेला विनोदी प्रयोग निदान तीन चतुर्थांश वेळ मनापासून हसवतो. रंगमंचावर एक गायिका, हार्मोनियम, पीव्हीसीचे आठ पाइप, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि पायाशी लूप पेडल (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं, पायानं दाबायचं यंत्र), एवढाच संसार.

खरा विनोद त्या पेडलमध्ये आहे. सेलच्या गाण्यात ती केहरवा तालाच्या आठ मात्रा डब्यावर वाजवून रेकॉर्ड करते. त्यावर पाइप, त्यावर 'एकावर एक फ्री'चा पुकारा, मग आणखी एक पुकारा. सहाव्या थराला मूळ चाल हरवते आणि तिला स्वतःच्याच आवाजांवर ओरडावं लागतं. पुढची गंमत तांत्रिक आहे. साध्या लूप पेडलवर शेवटचा थर तेवढा मागे घेता येतो, तळातला एकटा काढता येत नाही. ती सगळ्यात आधी घेतलेली फुकटची वाटी, म्हणजे तळाशी गेलेला थर, परत करायला निघते आणि ते जमत नाही. ठेवा तर सगळं, नाहीतर पुसा तर सगळं. पाच मिनिटांच्या भाषणानं जे साधलं नसतं, ते इथं पायाच्या एका दाबानं होतं.

या कामात चुकायला जागा फार. पहिला थर बंद करताना पेडल समेवर न पडता किंचित उशिरा पडलं, तर आवर्तन सव्वाआठ मात्रांचं होतं आणि वरचे सगळे थर लंगडतात. म्हणून प्रेक्षकांना विनंती: ती रेकॉर्ड करत असताना टाळ्यांचा ठेका धरू नका, तो माइकमधून थरात शिरतो आणि गाणं संपेपर्यंत जात नाही.

पाइप ती जुन्या रबरी चपलांनी वाजवते. पांढरी एकच्या (हार्मोनियमच्या 'सी' पट्टीच्या) मध्य षड्जाला, म्हणजे मधल्या सा ला, दोन इंची पाइप साधारण ६२-६३ सेंटीमीटर लागतो, तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, जवळपास निम्मा. पण सोलापूरचा उन्हाळा इथं आडवा येतो. हवा २० अंशांवरून ३५ अंशांवर गेली की पाइपचा स्वर सुमारे अडीच टक्के चढतो, म्हणजे सा ते कोमल रे या अंतराच्या जवळजवळ निम्मा. हार्मोनियम मात्र जवळपास जागच्या जागी राहते. दोन्ही एकत्र आले की कानाला टोचतं, आणि तसं टोचलंही. पाइपच्या तोंडाशी सरकणारी बाही बसवली तर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबी वाढवून हे सांभाळता येईल.

बल्बचा पोवाडा सर्वात घट्ट विणलेला आहे. १९२४ साली बड्या बल्ब कंपन्यांनी संगनमत करून दिव्याचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं आणि जास्त टिकणारा बल्ब काढणाऱ्याला दंड लावला. हा खरा इतिहास खलनायकांनाच वीर ठरवून गायला आहे. त्याला जोडून येणारं सोलापुरी चादरीचं कडवं, ज्यात चादर तिघांच्या वाटणीत भांडणाचं कारण होते पण फाटत नाही, टाळ्या घेतं. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागासाठी घातलेल्या दोन तेलुगू ओळींना वेगळाच हशा पडतो. कापडी पिशव्यांची टिंगलही नेमकी: बस्त्याच्या दुकानातून आणि लग्नातून आलेल्या वीस पिशव्या दाराआड लटकवून बाजारात रिकाम्या हातानं जाणारे आपणच.

घसरतो तो शेवटचा पाव तास. ओला-सुका शिकवायला लागली की विनोद थांबतो, शिवाय माहितीही ढिली. वेफर्सचं पाकीट सुक्या डब्यात टाकणं बरोबरच, पण त्यातून नवं पाकीट होतं असं सुचवणं चूक. प्लॅस्टिक आणि धातूचे चिकटवलेले पातळ थर सहज सुटत नाहीत, भंगारवाला ते घेत नाही. गोळा झालंच तर बरंचसं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं. या पाकिटावर गाणं रचलं असतं तर थरांचाच विनोद तिथंही चालला असता.

आयोजकांसाठी: तिच्यासमोरचा, तिला स्वतःचा आवाज ऐकवणारा मॉनिटर स्पीकर माइकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा, नाहीतर जुना थर पुन्हा नव्यात रेकॉर्ड होऊन गदारोळ होतो. पेडलला वीज वेगळ्या पॉइंटवरून द्या. शाळेसाठी ठेवणार असाल तर पाचवीच्या पुढच्या मुलांना बोलवा, त्याखालच्यांना पोवाडा लांबतो.