काचमण्यांची फुलं: तारेवरच्या विणीचा काही महिन्यांचा अनुभव

तारेवर काचमणी विणून फुलं करायला मी मे महिन्यात बसले, आता संक्रांत तोंडावर आली आहे. मधल्या काळात गौरींच्या वेण्या झाल्या, दसऱ्याला झेंडू झाले, पुतणीच्या रुखवतात ठेवायला कमळं झाली. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: नव्याने सुरू करणाऱ्याने पैसे तारेवर घालावेत. मणी थोडे डावे-उजवे असले तरी निभावतं. तार वाईट निघाली की काम हातातून टाकून द्यावंसं वाटतं.

तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घेऊन ज्यांनी मण्यांचं तोरण किंवा पर्स केली आहे, त्यांना ही वीण निम्मी येतेच. एका टोकात ओळीचे मणी ओवायचे, दुसरं टोक त्याच मण्यांतून उलट बाजूने घालायचं आणि दोन्ही टोकं ओढायची, ओळ बसली. साधी पाकळी १-२-३-४-५-४-३-२-१ अशी, म्हणजे २५ मण्यांची. पाच पाकळ्यांचं फूल १२५ मण्यांत होतं. पहिल्या दोन ओळी एकदमच पडतात: तीन मणी तारेच्या मध्यावर घ्यायचे आणि एक सोडून उरलेल्या दोनांतून टोक परत फिरवायचं. पाकळीला हातभर तार पुरते. माझ्या सासूबाईंनी चष्मा लावून एकदा पाहिलं, “अगं, हे तर तोरणासारखंच,” म्हणाल्या आणि पुढची पाकळी त्यांनीच घेतली.

फ्रेंच पद्धतही करून पाहिली. तिच्यात मणी आधीच तारेच्या रिळावर ओवून ठेवतात आणि मधल्या उभ्या तारेभोवती ओळी फिरवत पाकळी मोठी करत नेतात. मोठी पानं, भरगच्च गुलाब यांना ती शोभते आणि हात बसल्यावर भराभर होते. पण ती पुढची पायरी आणि दोन टोकांची वीण म्हणजे बालवाडी, असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. या विणीत प्रत्येक ओळ वेगळी ओवायची असल्यामुळे रंग ओळीगणिक बदलता येतो. कमळाच्या पाकळीचं टोक गडद गुलाबी, मध्ये फिकट, बुडाशी पांढरं, हे फ्रेंच पद्धतीत करायला बराच खटाटोप लागतो. इथे फक्त कोणत्या वाटीत हात घालायचा एवढंच बघायचं.

आता तारेबद्दल. ११/० नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा, त्याचं भोक पाऊण मिलिमीटरच्या आसपास. या विणीत प्रत्येक मण्यातून तार दोनदा जाते. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, तो वाढला की तार बारीक. २६ गेजची तार ०.४ मिमी, दोनदा गेली की ०.८, म्हणजे ती अडकणार किंवा मणी फोडणार. २८ गेजची ०.३२ मिमी, दोनदा मिळून ०.६४, ती सुखाने जाते. मी ऑनलाइन मागवलेल्या एका किटमध्ये नेमकी जाड तार होती, वर मुलामा दिलेली, आणि तो मुलामा दुसऱ्या ओळीतच सोलून निघत होता. शिकणारीला वाटतं आपलाच हात चालत नाही. दोष सगळा तारेचा असतो.

मला पुढे चांगली सापडली ती मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. आमच्या नाशिकला सातपूर-अंबडकडे अशी दुकानं आहेत, तिथे एनॅमल चढवलेली तांब्याची तार वजनावर मिळते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: त्यांचा नंबर वेगळ्या मापाचा असतो. क्राफ्टच्या दुकानातला २८ गेज हवा असेल तर रिवाइंडिंगवाल्याकडे ३० नंबर मागायचा. त्यांचा २८ नंबर ०.३७ मिमीच्या पुढे जातो. तांबं मऊ, हाताला गोड, आणि एनॅमलमुळे पावसाळ्यातही काळं पडलेलं नाही. सोनेरी-लालसर रंग गुलाबाला, झेंडूला चालून जातो. पांढऱ्या मोगऱ्याला मात्र चंदेरी तारच घ्या, कारण पाकळीच्या दोन्ही कडांना तार दिसते.

ओढताना घाई नको. तारेचा फासा लहान होत जातो तसं त्यात बोट घालून ठेवायचं आणि अगदी शेवटी काढायचं. नाहीतर तिला मुरड पडते, आणि तीच जागा दोन-चारदा उलटसुलट वाकली की तांबं कडक होऊन तुटतं. शेवटचा टप्पा फार सुंदर असतो: दोन्ही टोकं आडवी ओढत नवी ओळ अंगठ्याच्या नखाने आधीच्या ओळीशेजारी सरकवायची. मणी कुरकुरत एका पातळीत येतात आणि मघापर्यंत लोंबणारी तार एकदम पाकळी होते. ओळ वर चढली तर तिथेच सोडवा, पुढे गेल्यावर बसत नाही.

मणी मी मेन रोडच्या आतल्या गल्ल्यांतून घेते. आपल्याकडचे मणी एकसारखे नसतात, म्हणून थाळीत पसरून जाडे आणि चपटे वेगळे करते. जाडे मधल्या ओळींना, चपटे टोकाला. पाकळीला छान फुगीर आकार येतो. जपानी मणी एकसारखे असतात खरे, पण दर ऐकून शिकाऊ माणूस मणी वापरायलाच घाबरेल. जांभळे आणि राणी रंगाचे मणी घेताना सावध राहा. बऱ्याचदा रंग वरून दिलेला असतो. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा दोन मण्यांवर घासून बघा, कापूस रंगला तर ती पुडी परत करा.

देठाला बांधकामाची काळी बाइंडिंग तार वापरू नका, जुलैच्या दमट हवेत तिचा गंज टेपमधून बाहेर येतो. जस्ताचा थर दिलेली जी.आय. तार बरी. हिरवी फ्लोरल टेप ताणली की चिकटते, पण नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ती हाताला लागते आणि धूळ धरते. मी आता देठावर हिरवं रेशीम गुंडाळते. काच जड असते, त्यामुळे फुलदाणीत तळाशी वाळू हवीच.

टिकाऊपणाबद्दल शंका विचारतात, म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये थडग्यांवर ठेवायला मण्यांची पुष्पचक्रं करत, ती उघड्यावर ऊनपाऊस सोसत. आपली तर दिवाणखान्यात असतात. धूळ मऊ ब्रशने झटकते, पाणी लावत नाही. गौरींच्या वेण्या डब्यात जशा ठेवल्या तशाच निघाल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून छोटी फुलं करायची आहेत. त्यासाठी ८/० चे मणी घेतले आहेत, साधारण ३ मिलिमीटरचे. त्यांचं भोक मोठं, म्हणून तिथे २६ गेज चालतो आणि १-२-३-२-१ ची पाकळी नऊच मण्यांत होते. मुलांना किंवा डोळे थकलेल्या आजींना शिकवायचं असेल तर याच मण्यांनी सुरुवात करा.