माझ्या बोटीचं स्टिअरिंग आणि ते चौथं भोक

देवबाग, तारकर्ली, मालवण, वेंगुर्ला, दापोली, जिथे कुठे तुमची पर्यटकांची छोटी बोट असेल, त्यांनी हे पूर्ण वाचा. स्टिअरिंगच्या दुरुस्तीत एका मेकॅनिकने फसवलं, माझे साडेसत्तावीस हजार गेले. सहा माणसं बोटीत असताना स्टिअरिंग अडकलं, त्यात एक चार वर्षांची मुलगी होती. पैशांचं दुःख कमी होत आलंय, त्या मुलीचा चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

माझी बोट 19 फुटी फायबरची, मागे बाहेर लावलेलं 40 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. मे अखेरीला वर काढली आणि सप्टेंबरात पाण्यात घातली, तर चाक दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. डावीकडे कसंबसं जायचं, उजवीकडे अर्ध्यावर थांबायचं. सीझन तोंडावर, बुकिंग घेतलेलं. ओळखीतून एका मेकॅनिकचा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईकवरून आला, चाक दोनदा हलवलं आणि म्हणाला, "शेठ, केबल गेली, हेल्म पण गेला. पूर्ण सेट टाकावा लागेल. नाहीतर हायड्रॉलिक करून घ्या, एकदाच काय तो खर्च."

हेल्म म्हणजे चाकामागचा गिअरचा डबा, आणि हायड्रॉलिक म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग. एकाच 40 च्या इंजिनाला हायड्रॉलिकची गरज नसते, एवढं मला माहीत होतं, म्हणून ते टळलं. पण सेटला मी हो म्हणालो. तो "इंपोर्टेड नवा माल" घेऊन आला. खोका नव्हता. विचारलं तर म्हणाला, होलसेलचा माल आहे, खोक्यात येत नाही. इंजिनच्या नळीतून जुन्या केबलचा दांडा काढायला हातोडा मारावा लागला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. नवी केबल घातली, चाक हलकं झालं, मी खूश. वीस हजार यूपीआयने दिले, बाकी रोख. बिल म्हणून वहीच्या पानावर आकडे लिहून दिले. आणि जाताना जुना हेल्म, जुनी केबल बाईकला बांधली. "भंगार कशाला ठेवता घरात, मी टाकतो." मीच दोरी दिली बांधायला.

तीन आठवडे नीट गेले. मग चाक पुन्हा जड व्हायला लागलं. त्याला फोन केला, तो म्हणाला नवी केबल आहे, रुळेल. एका रविवारी संध्याकाळी त्सुनामी आयलंडवरून परत येताना कर्ली नदीच्या मुखाजवळ चाक जागेवर बसलं ते हलेचना. भरती उतरत होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि पुढे लाटा फुटत होत्या. मी इंजिन बंद केलं, भावाने नांगर टाकला, सुदैवाने वाळूत धरला. ती मुलगी लाइफ जॅकेटचा पट्टा मुठीत धरून आईकडे बघत होती, रडतही नव्हती. गावातल्या दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढून आणलं. त्या कुटुंबाचे पैसे मी परत दिले. त्यांनी घेतले नाहीत तरी त्यांच्या खोलीत ठेवून आलो.

शेजारी एक म्हातारे तांडेल, म्हणजे जुने बोट चालवणारे, आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लिंक सोडून इंजिन हातान फिरवन बघल्यान काय त्येना?" नाही म्हटलं. "मगे त्येका कसा कळला केबल गेली ती?"

हीच तपासणी आहे आणि तिला दहा मिनिटं लागतात. चाक फिरलं की हेल्म केबलला पुढेमागे ढकलतो, केबलच्या टोकाचा स्टीलचा दांडा इंजिनच्या टिल्ट ट्यूबमधून, म्हणजे त्या नळीतून, ये-जा करतो, आणि दांडा इंजिनला जोडणारी लिंक इंजिन वळवते. म्हणून आधी लिंक सोडायची. इंजिन हाताने सहज वळलं तर दोष इंजिनात नाही. जड वाटलं तर इंजिनच्या ब्रॅकेटला ग्रीस हवं. इंजिन मोकळं असेल तर पुढे दांडा नळीतून बाहेर काढून चाक फिरवून बघायचं. बाहेर असताना दांडा हलका चालला तर फक्त नळी जाम आहे. ती ब्रशने घासायची, मरीन ग्रीस भरायचं, काम झालं. बाहेर काढूनही जड असेल तरच केबल किंवा हेल्म. केबल आतून गंजली की तिला तेल घालून उपयोग नाही, ती बदलायचीच.

आबांनी माझी "नवी" केबल बाहेर काढली. दांड्यावर गंजाचे खड्डे होते, त्यावर गाडीचं साधं ग्रीस, खाऱ्या पाण्याने साबणासारखं झालेलं. बाहेर काढूनही ती जडच. केबलच्या काळ्या कव्हरवर लांबीचा आकडा छापलेला असतो, तिथे पॉलिश पेपरने घासल्याची वितभर खूण होती. शिवाय लांबी जास्त, म्हणून आत लहान वळसा घालून कोंबलेली. आठ इंचांपेक्षा लहान त्रिज्येत ही केबल वळवायचीच नसते. लिंकचा नायलॉक नट, म्हणजे आपोआप सैल न होणारा नट, तोही जुनाच, हाताने फिरत होता. तो नट पडला असता तर चाक फिरत राहिलं असतं आणि इंजिन वळलंच नसतं.

खरा धक्का पुढे आहे. दिवाळीनंतर वायरी गावातल्या मित्राच्या बोटीवर गेलो. त्याने सांगितलं, स्टिअरिंगचा नवीन हेल्म टाकलाय, एकदम लोण्यासारखं फिरतं. मी वाकून बघितलं. हेल्म बसवायच्या भागाला कंपनीची तीन भोकं, आणि बाजूला चौथं, वाकडं. ते मी पाडलेलं आहे. मागे माझ्या बोटीत हेल्मखालचं प्लायवूड कुजलं होतं तेव्हा घरच्या ड्रिलने पाडलं होतं, हात निसटून कडेला ओरखडाही आला होता. तो ओरखडाही तिथेच होता. मेकॅनिक तोच. म्हणजे माझा हेल्म कधी खराब नव्हताच. फक्त नळी जाम होती. आणि माझ्या बोटीत घातलेली केबल कुणाच्या बोटीतून आली असेल, ते मला कळायला मार्ग नाही.

त्यामुळे एवढंच कळकळीने सांगतो. जुना पार्ट बोटीवरून उतरू देऊ नका, तोच तुमचा पुरावा. केबल खोक्यातून तुमच्यासमोर निघू दे, छापलेला आकडा वाचा. जीएसटीचं बिल घ्या. मोसमात महिन्यातून एकदा दांडा पूर्ण आत घेऊन नळीवरच्या ग्रीस निपलमधून ग्रीस भरा. दांडा बाहेर असताना भरलंत तर ग्रीसच त्याला आत येऊ देत नाही. आणि बोट उभी करताना इंजिन अशा बाजूला वळवा की दांडा नळीच्या आत राहील, खारं पाणी उघड्या दांड्यालाच खातं.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. धंद्याची बोट म्हणून तुम्हाला ग्राहक मानत नाहीत, असं मला दोघांनी सांगितलं. ते खरं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरायला वस्तू घेणाराही ग्राहक धरला जातो. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. यूपीआयची नोंद आणि ती घासलेली केबल, दोन्ही जपून ठेवली आहेत.

वायरीचा मित्र साक्ष द्यायला तयार आहे. त्याने हेल्म काढून माझ्या हातात द्यायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं. पैसे त्यानेही मोजले होते, आणि त्याच्या बोटीतही माणसं बसतात.