‘लाइफटाइम वर्ड’ घेताय? खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

टायपिंग-झेरॉक्सवाले, वकिलांकडे आणि सीएंकडे काम करणारी मुलं, सगळ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. सोलापुरात आमच्या वहिनींच्या बाबतीत जे झालं, ते तुमच्या दुकानातही होऊ शकतं.

वहिनी कोर्टाजवळ टायपिंगचं काम करतात. प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, वाटणीपत्रं, शिवाय कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. नवीन कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदारानंच बाराशे रुपये वेगळे घेऊन वर्ड टाकून दिलं. “ओरिजिनल आहे ताई, लाइफटाइम. परत बघायचं काम नाही.” पावती मागितली तर “बिलातच धरलंय” म्हणाला. बिलावर त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

वर्ड छान चालत होतं, अपडेटही येत होते, त्यामुळे संशयाला जागाच नव्हती. मग एके सकाळी ते पासवर्ड मागायला लागलं. तो वहिनींना कुणी दिलेलाच नव्हता. कॉम्प्युटरवरची फाइल उघडायची, पण एक अक्षर टाइप होईना. वरची सगळी बटणं करडी पडलेली. मी ‘फाइल’मध्ये जाऊन ‘अकाउंट’ उघडलं. तिथं वहिनींचं नाव नव्हतंच. कुठल्या तरी परदेशी कॉलेजचा वाटावा असा ईमेल पत्ता होता.

हा धंदा असा चालतो. कॉलेजं आणि कंपन्या मायक्रोसॉफ्ट ३६५ (वर्ड, एक्सेल वगैरेंचा वर्गणीवर मिळणारा संच) एकगठ्ठा घेतात आणि त्यांचा अ‍ॅडमिन, म्हणजे खाती सांभाळणारा माणूस, त्यात माणसागणिक खाती उघडतो. अशीच खाती चोरवाटेनं बाहेर विकली जातात. विकत घेणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर आपलं झालं, पण हातात असतं ते दुसऱ्याच्या खात्याचं लॉगिन. तिकडे खातं बंद झालं की इकडे काम बंद.

पैशापेक्षा मला जास्त राग आला तो फायलींचा. वर्ड नव्या फायली आपणहून त्याच खात्याच्या वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात, ठेवत होतं. त्यांत लोकांचे आधार नंबर, पॅन, गट नंबर, चतुःसीमा, वारसांची नावं. खात्याच्या अ‍ॅडमिननं मनात आणलं तर हे सगळं तो उघडून वाचू शकतो. त्या दिवशी एका कुटुंबाची दस्त नोंदणीची वेळ ठरलेली होती आणि वाटणीपत्र त्या बंद खात्यात अडकलेलं. पक्षकारांकडे कच्च्या मसुद्याची झेरॉक्स होती, म्हणून वहिनींनी पहिल्या ओळीपासून सगळं परत टाइप केलं. म्हातारे आजोबा शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक गट नंबर वाचून दाखवत होते.

दुकानदार म्हणाला, “कंपनीनंच बंद केलंय, आम्ही काय करणार? हजारात नवीन देतो.” आम्ही नाही घेतलं. ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आणि त्या ‘अकाउंट’ पानाचा फोटो जपून ठेवलाय. अशा वेळी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे.

दुसरा प्रकार क्रॅकचा, म्हणजे कुलूप तोडून फुकट चालवलेल्या सॉफ्टवेअरचा. ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं की तिथूनच परत फिरा. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमाखाली वापरणाऱ्याचाही गुन्हा आहे.

आणि यातलं काहीच करायची गरज नाही! आता वहिनींकडे लिब्रेऑफिस आहे. २०१० पासून द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. घरी वापरा, दुकानात वापरा, पैसे लागत नाहीत. मात्र उतरवून घ्यायचं ते लिब्रेऑफिस डॉट ऑर्गवरूनच. त्यातलं रायटर वर्डच्या फायली उघडतं, त्याच प्रकारात सेव्ह करतं, पीडीएफही करून देतं. मराठीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: देवनागरीचा फाँट आणि आकार त्यात इंग्रजीपेक्षा वेगळा ठरवावा लागतो. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून तिथं मराठी निवडा. पहिले काही दिवस वहिनी वैतागल्या, कारण वर्डमधले मोठे तक्ते उघडताना कधीकधी सरकतात. पण खरेदीखताचं काम कुठं अडलं नाही.

वर्डच हवं असेल तर स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं काढून ब्राउझरमध्ये ते फुकट वापरता येतं. सोयी कमी असतात, पण साध्या अर्जाला पुरतात. गुगल डॉक्सही आहे. नेट नीट नसेल तिथं मात्र लिब्रेऑफिसच बरं.

आज दुकान उघडलं की ‘फाइल’मधलं ‘अकाउंट’ बघा. परका पत्ता दिसला तर लगेच साइन आउट करू नका. आधी वनड्राइव्हवरच्या सगळ्या फायली आपल्या डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, दोन-चार उघडून बघा, मग तिथल्या पुसून टाका आणि त्यानंतरच बाहेर पडा.