टेबलावरचा वेट ग्राइंडर आणि लहान मूल असलेले स्वयंपाकघर : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

फोंड्यातील आमच्या घरी पाच माणसे जेवतात : आम्ही दोघे, सासू-सासरे आणि दोन वर्षांची मुलगी. गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) थोडे आधी आम्ही दोन लिटरच्या भांड्याचा, तीन दगडी लाटांचा (वाटणाऱ्या दगडी रुळांचा) टेबलावर ठेवण्याचा वेट ग्राइंडर घेतला. त्याला साडेसहा हजारांच्या आसपास खर्च आला. इडली-डोशासाठी हे यंत्र उत्तम असते, हे सर्वांना ठाऊकच आहे. रोज नारळाचे वाटण लागणाऱ्या आणि लहान मूल असलेल्या गोव्यातील घरात ते कितपत उपयोगी पडते, हे मात्र खरेदीपूर्वी कोणाकडूनच नीट कळले नव्हते. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमच्या दृष्टीने या यंत्राचा सर्वांत मोठा गुण वेग हा नाही, कारण वेगात मिक्सर केव्हाही पुढे राहील. ग्राइंडरचे भांडे वरून उघडे असते आणि ते फिरत असताना वाटणाची प्रगती डोळ्यांना दिसते, हा त्याचा खरा गुण आहे. वाटण मध्येच थांबवून काही भाग बाजूला काढता येतो आणि उरलेल्यात पुढचे जिन्नस घालता येतात. यामुळे मुलीसाठी वेगळा स्वयंपाक करण्याची आमची गरज जवळजवळ संपली.

बांगड्याच्या हुमणाचे, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या माशाच्या आमटीचे, उदाहरण देते. एका नारळाचा चव, धणे, हळद आणि थोडे पाणी एवढेच आधी भांड्यात घालायचे. दहा-बारा मिनिटांत वाटण मऊ झाले की यंत्र बंद करून मुलीच्या वाट्याचे दोन-तीन मोठे चमचे काढून घ्यायचे आणि मगच उरलेल्यात मिरची व चिंच घालून यंत्र पुन्हा सुरू करायचे. पारंपरिक रीतीत मिरची आधी वाटली जाते, कारण तिची साल सर्वांत चिवट असते. तिला शेवटी घालायचे असेल, तर बिया काढून, तुकडे करून ती अर्धा तास कोमट पाण्यात भिजवणे आवश्यक आहे. तसे न केल्यास खोबरे गंधासारखे होते आणि मिरचीच्या लाल कपच्या मात्र तरंगत राहतात. भिजवलेली मिरची घातल्यानंतर आणखी दहा मिनिटे लागतात. आम्ही काणकोणकडची खोलाची मिरची वापरतो, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचा रंग सुरेख येतो आणि तिखटपणा बेताचा असतो. तिरफळे (मसाल्याची फळे) मुलीच्या हुमणात घालत नाही, कारण त्यांनी जीभ बधिर होते. तिच्या वाट्याच्या वाटणात सोलां (आमसुले) घालून मुडदुशी या माशाचा तुकडा शिजवतो. मधला काटा सहज निघत असल्यामुळे लहान मुलांना हा मासा देणे सोपे जाते, तरीही प्रत्येक घास बोटांनी चाचपूनच भरवावा.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात आणि त्यानंतरच्या श्रावणात मुगागाठी (मोडाच्या मुगांची आमटी), खतखते (मिश्र भाज्यांचा पदार्थ) आणि अळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोंडाक (रस्सा) यांनाही हीच पद्धत उपयोगी पडली. तोंडाकासाठी भाजलेले खोबरे आणि गरम मसाला फार कमी पाण्यात वाटावा लागतो. मिक्सरमध्ये असे घट्ट वाटण पात्यांखाली अडकते, म्हणून नाइलाजाने पाणी वाढवावे लागते आणि रस पातळ होतो. दगडाखाली ते घट्ट राहूनही मऊसूत होते. सासूबाईंनी अनेक वर्षे मागीलदारच्या रगड्यावर वाटण केले आहे. त्यांच्या मते चव रगड्याच्या अगदी जवळ जाते, आणि माझ्यासाठी या यंत्राबद्दल याहून मोठी शिफारस नाही.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. घरात इतके बारीक वाटणारे यंत्र आले, म्हणून बाळाचे सगळेच जेवण त्यात घालून लगदा करण्याचा मोह टाळावा. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाल्यावर त्याचा घट्टपणा आणि रवाळपणा हळूहळू वाढवत न्यायचा असतो. गाठीगाठींचे, चावावे लागणारे अन्न दहाव्या महिन्यापर्यंतही दिले नाही, तर पुढे खाण्याच्या तक्रारी उद्भवण्याची शक्यता वाढते. वाटण गंधासारखे असावे, भात मात्र हातानेच कुस्करावा. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज वाटीतच डावाच्या पाठीने घोटून देत असू आणि आता मुलगी शितांसकट खाते. मीठ-साखरेचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना जास्त साखरेचे आणि जास्त मिठाचे पदार्थ देऊ नयेत, असे म्हटले आहे. वाटणातच मीठ घालण्याची सवय असेल, तर ती सोडलेली बरी, म्हणजे मुलाचा वाटा आपोआप अळणी राहतो.

नाचणीसाठी हे यंत्र विशेष आवडले. रात्रभर भिजवलेली नाचणी भरपूर पाणी घालून वाटायची, मलमलच्या कापडातून गाळायची आणि त्या दुधाची मंद आचेवर लापशी शिजवायची, ही लहान बाळासाठीची जुनी रीत आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यातील मोठा भाग दाण्याच्या टरफलात असल्यामुळे गाळताना तो चोथ्याबरोबर जातो. मुलगी वर्षाची झाल्यावर आम्ही गाळणे बंद केले. दगडाने टरफलही इतके बारीक होते की तिच्या जिभेला ते टोचत नाही. मिक्सरमध्ये वाटलेली न गाळलेली लापशी मात्र ती थुंकून टाकत असे.

इडली आणि पोळ्यांच्या (आमच्याकडच्या डोशांच्या) पिठाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, ते अपेक्षेप्रमाणेच उत्तम होते. दगडाखाली उडीद तापत नाही व चांगला फुलतो, म्हणून आम्ही त्याचे प्रमाणही थोडे कमी केले. फक्त हवामानाचे भान ठेवावे लागते. मे महिन्यात पीठ सहा-सात तासांत वर येते आणि उतूही जाते, जानेवारीत मात्र रात्र पुरत नाही.

विजेची चिंता करण्याचे कारण नाही. मोटर १५० वॅटची आहे. अर्धा तास चालवली तर पाव युनिटही जळत नाही, एका युनिटच्या तेराव्या हिश्शाएवढीच वीज लागते. ७५० वॅटचा मिक्सर पाच मिनिटे चालवला तरी साधारण तेवढीच जाते. आवाजही घरघरीसारखा, एकसुरी असतो. शेजारच्या खोलीत मुलगी दुपारची झोपलेली असताना आम्ही तो निर्धास्तपणे लावतो, मिक्सरच्या बाबतीत हे कधीच जमले नव्हते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत त्रासदायक उणीव म्हणजे थोडे वाटण याच्यात होत नाही. अर्ध्या नारळाचा चव घातला तर तो भांड्याच्या कडांना चिकटून बसतो आणि लाटा नुसत्याच फिरतात. किमान एक नारळ हवाच, त्यामुळे रोजच्या भाजीपुरत्या वाटणासाठी मिक्सर ठेवणे भाग आहे. दुसरी उणीव वजनाची. दगडांसकट भांडे उचलून मोरीत नेणे सासूबाईंना शक्य होत नाही, आणि वाटून झाल्यावर लाटा, भांडे व खरवडणी स्वच्छ करण्यात पंधरा मिनिटे जातात. वाटताना अचानक वीज गेली, जे मृगाच्या पावसात आमच्याकडे वरचेवर घडते, तर भरल्या भांड्यावर यंत्र पुन्हा सुरू करू नये. लाटा उचलून, वाटण सैल करून मगच बटण दाबावे, कारण एरवी सगळा ताण मोटरवर आणि पट्ट्यावर येतो.

सोबत नारळ खवण्याचे जोडसाधन मिळाले होते. रांगते मूल घरात असताना जमिनीवर उघडी आदोळी (खवणीची विळी) घेऊन बसणे आम्हाला धोक्याचे वाटत होते, म्हणून या जोडसाधनाकडून मोठी आशा होती. ती पुरी झाली नाही. ते करवंटीची तपकिरी पूडही खोबऱ्याबरोबर खरवडते आणि त्यामुळे हुमणाचा रंग मळतो. शेवटी आदोळीच वापरतो, मात्र मुलगी झोपल्यावर, आणि काम होताच ती उंच फडताळात जाते. ग्राइंडरही ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवला आहे. फिरत्या लाटा मुलांना विलक्षण आकर्षक वाटतात, शिवाय लोंबती वायर ओढली तर इतके वजन खाली येऊ शकते. तेव्हा जागा ठरवल्याशिवाय हे यंत्र घेऊ नये.

नवा ग्राइंडर आणल्यावर लगेच बाळाचे काही वाटू नये. मूठभर तांदूळ आणि खडे मीठ घालून तो चालवावा, ते पीठ फेकून द्यावे आणि पिठात करडी छटा दिसेनाशी होईपर्यंत हेच करत राहावे. ती छटा दगडाच्या भुकटीची असते. माहितीपुस्तिकेत याविषयी एकच ओळ होती, ती ठळक अक्षरांत असायला हवी होती.

पावसाळ्यात दमट हवेने बैठकीच्या स्क्रूंवर गंज आला आणि पट्टा सैल पडून भांडे अडखळू लागले. कंपनीच्या सेवाकेंद्राकडे तक्रार नोंदवून बरेच दिवस वाट पाहिली. अखेर बाजारातील एका दुरुस्तीवाल्याने नवा पट्टा थोड्याच वेळात बसवून दिला. गोव्यात राहणाऱ्यांनी खरेदी करतानाच एक जादा पट्टा मागून घ्यावा. घरात वयस्कर माणसे स्वयंपाक करत असतील, तर थोडे जास्त पैसे देऊन भांडे जागेवरच कलते होणारा प्रकार घ्यावा. पुन्हा घेण्याची वेळ आली, तर आम्ही तोच निवडू.