गाझा: विहिरीचं पाणी की समुद्राचं?

विहीर स्वस्त, पंप लावला की पाणी, पण त्यात आता काही राम नाही. भूजलात वर्षाला पावसाने साधारण 50-60 दशलक्ष घनमीटर भर पडायची आणि उपसा त्याच्या तिप्पट, मग रिकाम्या जागेत समुद्र घुसणारच ना. वरून सांडपाणी आणि खतांचं नायट्रेट. चहा खारट लागतो ते एक वेळ चालेल, पण नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं, आणि तान्ह्या बाळांना तेच सगळ्यात घातक. 2023 च्या युद्धाआधीच 95 टक्क्यांहून जास्त पाणी पिण्यालायक नव्हतं.

समुद्राचं पाणी कधी संपणार नाही, क्वालिटीही चांगली मिळते. गाझातल्या देर अल-बलाहचा, समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट 2017 ला सुरू झाला. पण एका घनमीटरला 3-4 युनिट वीज लागते, आणि गाझात लाइटचीच बोंब. लाइट नाही म्हणून सांडपाणी प्रक्रिया न करताच समुद्रात, आणि प्लांट पाणी खेचणार त्याच समुद्रातून! 2016 मध्ये तर या घाणीमुळे शेजारच्या इस्रायली अश्कलोनचा प्लांटही बंद ठेवावा लागला होता.

माझं मत समुद्राला, पण आधी वीज आणि सांडपाण्याचं बघा, आणि विहिरींना जरा दम खाऊ द्या.