चव खरी होती, पेटी खोटी निघाली

फेब्रुवारीत माझ्या मामांना पंचाहत्तर पूर्ण झाली. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते, आता नेरूळला असतात. वर्षाला दोनच सिगार ओढतात, एक दिवाळीत आणि एक वाढदिवसाला, आणि दोन्ही वेळेला मी ठाण्याहून त्यांच्याकडे जातो. ते अजून 'चिरूट' म्हणतात. सिगार कशी पारखायची हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणून या वाढदिवसाला त्यांना क्यूबाच्या कोहिबा ब्रँडच्या 'रोबुस्तो' सिगारची, 25 ची अख्खी पेटी द्यायची असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यात माझे 38,000 रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण ज्या पद्धतीने मला फसवलं ती सगळ्यांना कळावी म्हणून हे लिहितोय. कारण मी चव घेऊन, खात्री करून घेतली होती.

ओळखीच्या एकाने नंबर दिला. बोटीवरून न्हावा शेवाला उतरणारा ड्यूटी-फ्री माल मिळतो, आधी ओढून बघा मग घ्या, असं सांगितलं. बुकिंगचे 10,000 यूपीआयने पाठवले. शनिवारी संध्याकाळी वाशीतल्या एका टॉवरमधल्या फ्लॅटवर बोलावलं. आम्ही सातजण होतो. माणूस चाळिशीचा, स्वच्छ मराठी बोलणारा, प्रत्येक वाक्याला 'दादा' लावणारा. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, तिथे एकावर एक रचलेल्या पंधरा तरी पेट्या दिसत होत्या.

त्याने छोट्या लाकडी ह्युमिडोरमधून, म्हणजे ओलावा टिकवणाऱ्या डब्यातून, एक सिगार काढून माझ्या हातात दिली. "तुम्हीच बघा दादा, मी काही बोलत नाही."

मामांनी शिकवलं तसं मी सगळं केलं. अंगठा आणि दोन बोटांत धरून पेटवायच्या टोकापासून वरपर्यंत हलकं दाबत गेलो. कुठे पोकळ लागलं नाही, कुठे गाठही नाही. वरच्या टोपीवर पानाची तीन बारीक वलयं दिसली, क्यूबन पद्धतीची. टोपीची रेघ जिथे संपते त्याच्या जरा वर कापली. न पेटवता दोनदा ओढून बघितली, तर सुकल्या गवताचा आणि मनुकांसारखा गोडसर वास आला. मग ज्योत लावली, पण अंतरावरून, टोक चारी बाजूंनी फिरवत. मिनिटाला एखादाच झुरका, धूर तोंडात घोळवायचा, छातीत घ्यायचा नाही. पहिल्या तिसऱ्या भागात गवत आणि मध. मधल्या भागात कॉफी आली, आणि तिच्यामागून कोकोचा कडवटपणा. थोडा धूर नाकावाटे सोडला तर झोंबला नाही. राख करड्या रंगाची, इंचभर होईपर्यंत पडली नाही. पाऊण तास मी ती ओढत होतो. एकदाही विझली नाही, एका बाजूने पळत जळली नाही.

ती सिगार अस्सल होती, असं मी आजही म्हणतो. फसवणूक तिथेच होती. सातजणांसाठी सात चांगल्या सिगार खर्च करायच्या आणि मग प्रत्येकाला पेटी विकायची, हा सगळा हिशेब होता. माझ्या जिभेने दिलेला कौल त्या एका सिगारबद्दलचा होता. मी तो बंद पेटीलाही लावला.

पेटी त्याने आतल्या खोलीतून आणली. प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद, वर काचेचं झाकण, आत सिगारवरच्या पिवळ्या-काळ्या कागदी पट्ट्यांची, म्हणजे बँडची, रांग. "गिफ्टसाठी स्पेशल पेटी आहे दादा. आता उघडू नका, आतला ओलावा जाईल." सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते हे मला माहीत होतं, त्यामुळे ते लगेच पटलं. अर्धवट माहिती असलेल्या माणसाला असंच पकडतात. बिल मागितलं तर "ड्यूटी-फ्रीला बिल कुठलं?" उरलेले 28,000 मी रोख दिले.

वाढदिवसाच्या दिवशी मामांनी कागद काढला, काचेचं झाकण बघितलं आणि गप्प झाले. मामी म्हणाली, "अहो, उघडा ना." मामांनी मलाच विचारलं, "अरे, कुठून घेतलीस ही?" आवाजात राग नव्हता. मला वाईट वाटू नये म्हणून ते शब्द शोधत होते, आणि तेच जास्त लागलं.

क्यूबाची कंपनी काचेच्या झाकणाची पेटी काढत नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. रोबुस्तोची खरी पेटी वॉर्निश केलेल्या लाकडाची असते. मग त्यांनी पेटी उलटी केली. खऱ्या पेटीच्या तळाला 'हेचो एन कुबा' (क्यूबात बनवलेली) आणि 'तोतालमेंते आ मानो' (पूर्णपणे हाताने) हे स्पॅनिश शब्द लाकडात डागलेले असतात, नखाला खाच लागते. इथे नुसती शाई होती. शेजारी कारखान्याच्या खुणेचा आणि महिन्याचा शिक्का. मामांनी चष्मा वर करून तो वाचला आणि मला बोट ठेवून दाखवला. एप्रिल महिना इंग्रजीत लिहिला होता, ए-पी-आर. क्यूबात स्पॅनिश चालते. तिथे एप्रिलसाठी ए-बी-आर लिहितात, जानेवारीसाठी ई-एन-ई. तीन अक्षरांतलं एक अक्षर. मी ती पेटी घरी आठवडाभर कपाटात जपून ठेवली होती, एकदाही उलटी करून बघितली नव्हती.

2010 पासून क्यूबाच्या हिरव्या सरकारी सीलसोबत होलोग्राम आणि बारकोड येतो, आणि तो नंबर क्यूबाच्या सिगार विकणाऱ्या हबानोस कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. आम्ही टाकला. असा नंबरच नव्हता.

मामा उठून आतून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, घेऊन आले. जहाजावरचा, तीस वर्षांपूर्वीचा. कोहिबा रोबुस्तो 124 मिलिमीटर लांब असते आणि जाडी 50 रिंगची, म्हणजे 50 भागिले 64 इंच, जवळपास 20 मिलिमीटर. त्यांनी पाच सिगार मोजल्या: 119, 126, 121, 122, 118. खऱ्या पेटीत सिगारचे रंगसुद्धा जुळवून ठेवलेले असतात, आणि बँड सगळे सारखे. इथे काळ्या भागातले पांढरे चौकोन काही बँडवर कडेला अर्धे कापले गेले होते.

शेवटी त्यांनी एक सिगार ब्लेडने उभी चिरली. हाताने वळलेल्या सिगारमध्ये आतली पानं टोकापासून टोकापर्यंत लांब जातात, चुण्या घातलेल्या कापडासारखी. हिच्यातून वर्तमानपत्रावर चुरा पडला. तंबाखूचे तुकडे आणि काडीएवढे देठ. दुसरी पेटवून बघितली तर अमोनियासारखा उग्र दर्प आला, जीभ सोलल्यासारखी झाली. पान नीट आंबवलेलं नसलं की हा वास राहतो. कोहिबाची तर ओळखच ही आहे की तिच्यातली दोन पानं तिसऱ्यांदा, पिंपांत आंबवतात.

किंमत ऐकूनच मला थांबायला हवं होतं. 2022 मध्ये हबानोसने कोहिबाचे दर जगभर महागड्या हाँगकाँगच्या पातळीला नेले. त्यानंतर दुसऱ्या देशातून स्वस्त आणली, ही सबबच उरलेली नाही. खऱ्या पेटीला लाखाच्या वर जातात. आणि ड्यूटी-फ्री म्हणाल तर भारतात येणाऱ्या एका प्रवाशाला 25 सिगारची सूट आहे, म्हणजे एकच पेटी. त्या खोलीत पंधरा होत्या, मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. रीतसर आयात झालेल्या पेटीवर 85 टक्के जागा व्यापणारा सचित्र इशारा, आयातदाराचं नाव आणि एमआरपी असायला हवी. माझ्या पेटीवर यातलं काहीच नव्हतं. तेव्हा मला वाटलं, हेच तिच्या अस्सलपणाचं लक्षण आहे.

फोन केला तर पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, "दादा, तुम्ही नीट ठेवली नसणार." तिसऱ्या दिवशी नंबर बंद. फ्लॅट दिवसाच्या भाड्याने दिला जातो, असं वॉचमन म्हणाला. पोलीस ठाण्यात मी लेखी अर्ज दिला, यूपीआयचा व्यवहार क्रमांक जोडला, आणि बिलाशिवाय परदेशी माल घेतला हेही लपवलं नाही. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागू होतं. रोख दिलेल्या 28,000 चा माझ्याकडे एक चिटोराही नाही, त्यामुळे पुराव्यात फक्त 10,000 दिसतात.

त्या संध्याकाळी माझ्यासोबत आणखी सहाजण होते. त्यांतल्या चौघांनी माझ्यासमोर पेट्या घेतल्या. एक जण खारघरचा होता आणि मुलीच्या लग्नात व्याह्यांना द्यायची म्हणत होता. त्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत. हे त्यांच्यापर्यंत पोचलं तर आधी पेटी उलटी करून महिना वाचा, मग स्वतःचा अर्ज द्या आणि त्यात त्या संध्याकाळी हजर असलेल्या बाकीच्यांचाही उल्लेख करा. मी माझ्या अर्जात तुमचा केला आहे.